सुट्टी रद्द झाली त्या दिवसांत घरातला टीव्ही चालू ठेवावा की बंद?

मांजराकाठ (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. सहा महिने झाले, लिहू का नको चाललं होतं. दिवाळी होऊन गेली, घर शांत झालंय, म्हणून आज लिहिते.

आमचे हे फौजेत, मराठा लाइट इन्फंट्रीत. बारा वर्षं झाली. मी केज तालुक्यात सासू-सासऱ्यांजवळ राहते. मुलगा दुसरीत, मुलगी अंगणवाडीत. यंदा नणंदेचं लग्न ९ मे २०२५ चं धरलं होतं, म्हणून हे एप्रिलमध्येच सुट्टीवर आले. २२ एप्रिलला आम्ही दोघं पत्रिका वाटायला गेलो होतो. घरी आलो तर टीव्हीवर पहलगाम. २६ माणसं गेली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्राची, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. बायकामुलांसमोर मारलेली. यांनी बातम्या उभ्या उभ्याच बघितल्या, खाली बसले नाहीत. रात्री मी भांडी घासून आले तर हे ओसरीत बूट पुसत बसलेले. सुट्टी संपायला महिना होता. मी काही विचारलं नाही.

७ मेला पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आली आणि त्याच दिवशी यांना फोन. दारात मांडव घातलेला. ८ तारखेला सकाळी परभणीहून सचखंड एक्सप्रेस धरली. नणंदेची हळद भावाविना लागली. अंबाल्याला पोचल्याचा मेसेज आला आणि मग फोन बंद.

आता खरी गोष्ट. सासऱ्यांनी टीव्ही लावला तो बंदच करेनात. एक चॅनेल म्हणतंय कराची बंदर उडवलं, दुसरं म्हणतंय इस्लामाबादेत घुसले, मध्येच सायरन वाजवतंय. सासूबाईंनी अन्न सोडलं. मुलगा पडद्याजवळ जाऊन विचारायचा, "मम्मी, ह्याच्यात पप्पा कुठंयत?" शेवटी मी रिमोटचे सेल काढले आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात घातले. सासरे काय ते समजले. मला एवढंच म्हणाले, "माझं लेकरू तिथं हाय. मला बघू बी देणार न्हाईस?" आणि स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात रात्री अकरापर्यंत बसायला लागले, तिथल्या टीव्हीसमोर. सत्तरीचा माणूस, बाकड्यावर.

१० तारखेला संध्याकाळी पाचला शस्त्रसंधी झाली. यांचा फोन आला १२ ला. पण सासऱ्यांचं ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. मी केलं ते बरोबर का चूक? तुमच्या घरी अशा वेळी काय करता?

सुभेदार_भूम

ताई, तुमचं काही चुकलं नाही आणि तुमच्या सासऱ्यांचंही नाही. मी २६ वर्षं सर्व्हिस केली, भूमचा आहे. दोन गोष्टी सांगतो, घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

पहिली. फोन बंद म्हणजे काहीतरी झालं, असं नसतं. मूव्हमेंटचा हुकूम आला की मोबाईल जमा करून घेतात किंवा बंद ठेवायला लावतात. एका जवानाच्या मोबाईलवरून अख्ख्या पलटणीचा ठावठिकाणा निघू शकतो. फोन बंद आहे म्हणजे तुमचा माणूस शिस्तीत आहे, आपल्या जागेवर आहे, असंच धरायचं.

दुसरी. काही वाईट झालंच, तर ते तुम्हाला चॅनेलवाला सांगणार नाही. युनिटचा फोन येतो, सुभेदार मेजर नाहीतर ऑफिसर स्वतः बोलतो. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तहसील, पोलीस ठाणे यांच्याकडून माणूस दारात येतो. नाव आधी घरी, मग बाहेर, असाच रिवाज आहे. म्हणून टीव्हीत आपल्या माणसाला शोधू नका. तो तिथं सापडत नाही.

आता आमचं ऐका. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला तेव्हा मी सुट्टीवर होतो. हुरड्याचे दिवस. शेतात आगटी पेटवलेली, मेहुणे-पाहुणे जमलेले. चौथ्या-पाचव्या दिवशी तार आली. पोस्टमन बांधावरून हाक मारत आला. घरात तार म्हटलं की बाया आधी रडायला लागतात, मग वाचतात. मी वाचून सांगितलं की मी जिवंत आहे, मलाच बोलावलंय. तेवढंच एकदा सगळे हसले.

गेलो तो राजस्थान बॉर्डरला. ऑपरेशन पराक्रम. लोकांना वाटतं लढाई झाली नाही म्हणजे काही झालं नाही. आम्ही दहा महिने तिथं होतो. डिसेंबरात गेलो, ऑक्टोबर २००२ मध्ये मागं घ्यायचा निर्णय झाला. हजारो एकरात सुरुंग पेरले, मग तेच काढले. पेरताना, काढताना आणि गाड्यांच्या अपघातात शेकडो पोरं गेली. एक गोळी न झाडता. आमच्या सेक्शनचा एक होता, परंड्याकडचा. त्याच्या गावात नीट कुणाला कळलंसुद्धा नाही की हा कशात गेला. युद्ध नव्हतं ना.

आमच्या मंडळींनी ते दहा महिने कसे काढले हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. आज तुमचा धागा वाचून विचारलं. म्हणाल्या, "पत्र आलं की तारीख बघायचे. पत्रावरच्या तारखेला तुम्ही होतात, एवढं कळायचं. आज हायत का न्हाईत, ते कुठं कळायचं?" ताई, तेवीस वर्षांनी ऐकलं हे मी.

डोंगरवाट_अंबाजोगाई

सुभेदार साहेब, शेवटचा परिच्छेद वाचून थांबलोच. काकूंना नमस्कार सांगा.

हिंगोलीची_लेक

माझे वडील सीआरपीएफमधून निवृत्त झाले, आता भाऊ आहे. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामा झालं तेव्हा भाऊ काश्मीरमध्येच होता, पण त्या ताफ्यात नव्हता. हे आम्हाला रात्री दीडला कळलं. दुपारी साडेतीनपासून रात्री दीडपर्यंत आई देवासमोर बसली नाही, रडली नाही. तिनं घरातले सगळे गहू निवडून काढले. पोतं होतं, दीड पोतं. निवडलेले गहू परत निवडले.

चाळीस जवान गेले. त्यातले दोन बुलडाणा जिल्ह्यातले. भावाचा फोन आल्यावर आई पहिल्यांदा रडली आणि म्हणाली, "आपलं वाचलं म्हणून मला बरं वाटलं. त्या चाळीस घरांत आत्ता काय चाललं असंल?" त्या बरं वाटण्याचा तिला आजही त्रास होतो. हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितेय. आपला माणूस सुखरूप आहे हे कळतं तो क्षण नुसता आनंदाचा नसतो.

आणि एक, भांडायला नाही, माहितीसाठी. लोक सरसकट "सैनिक" म्हणतात, पण सीआरपीएफ गृह मंत्रालयाखाली येतं. १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्यांना नवी पेन्शन योजना लागली, सैन्याला ती लागली नाही. कँटीन वेगळं, कागद वेगळे. श्रद्धांजलीच्या बॅनरवर सगळे सारखे असतात. बॅनर उतरला की फरक कळतो.

काळी_माती

मी जरा वेगळं बोलणार आहे, रागावू नका. जालना जिल्ह्यातला शेतकरी आहे.

जवानाचं दुःख मोठं आहेच. पण आमच्या गावात चार वर्षांत तिघांनी फाशी घेतली. त्यांच्या घरी ना बॅनर, ना तिरंगा, ना पुढारी. सरकारी मदत एक लाख. तीही प्रकरण पात्र ठरलं तर. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुणाच्या नावावर, याच्यात अर्धी प्रकरणं अडकतात. त्या बायकांना कुणी वीरनारी म्हणत नाही. देशावर संकट आलं की सगळ्या देशाचं लक्ष जातं. आमच्यावरचं संकट दर साली येतं म्हणून ते कुणाला दिसत नाही. हे बोलायची ही जागा नसेल तर माफ करा.

सुभेदार_भूम

काळी_माती, हीच जागा आहे. मी फौजेत का गेलो? बापाकडं सात एकर कोरडवाहू, आम्ही चौघं भाऊ. माझ्या बापानं ७२ च्या दुष्काळात खडी फोडली. कोल्हापूर-साताऱ्याकडं घराण्याची परंपरा म्हणून पोरं भरती होतात, आपल्याकडं पुष्कळ पोरं पाऊस पडला नाही म्हणून गेली. मी पाठवलेल्या मनीऑर्डरवर धाकट्याची विहीर झाली. मधला भाऊ शेतीतच राहिला आणि २०१५ ला गेला. कसा, ते तुम्ही ओळखलं असेल. एकाच घरात दोन्ही आहे हो. वहिनींना मिळाले ते एक लाख, तेही तुकड्यातुकड्यानं.

काळी_माती

साहेब, माफ करा. माहीत नव्हतं.

सुभेदार_भूम

माफी कशाची. तुम्ही विषय काढला म्हणून मी त्याचं नाव काढलं. घरात काढत नाही आम्ही.

सास्तूर९३

मी धाराशिव जिल्ह्यातला, सास्तूरचा. आमच्याकडं हे सगळं उलटं झालं होतं, म्हणून सांगतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी. गणपती विसर्जन करून गाव नुकतंच झोपलेलं. दगडाच्या दोन-दोन हात जाडीच्या भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून बांधलेलं घर. तेच अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची मिळून बावन्न गावं भुईसपाट. मी नऊ वर्षांचा होतो. आई, मी आणि धाकटी बहीण निघालो. आज्जी आणि मोठा भाऊ नाही निघाले.

वडील तेव्हा आसामला होते, महार रेजिमेंट. त्यांनी रेडिओवर किल्लारी हे नाव ऐकलं. मी मोठा झाल्यावर मला सांगायचे, "बॉर्डरवर मी होतो, मरायची पाळी माझी होती. रेडिओनं घरच्यांची नावं सांगायला नको होती." त्यांना यायला सहा दिवस लागले. आले तेव्हा गाव कुठून सुरू होतं ते त्यांना ओळखू येईना. पाराच्या लिंबाच्या झाडावरून ओळखलं.

आमच्याकडं ढिगारे उपसायला फौज आली होती. पाऊस, चिखल, वास. नाकाला फडकी बांधून जवान दगड काढत होते. आईनं मला नंतर सांगितलं की भावाला ज्यांनी बाहेर काढलं, ते जवान बहुतेक दक्षिणेकडचे होते. भाषा कळत नव्हती. त्यातल्या एकानं आपल्या अंगातला शर्ट काढून त्याच्यावर घातला. वडील तिकडं परक्या गावात ड्यूटीवर, आणि परक्या गावचा जवान इकडं त्यांच्या मुलाला उचलतोय. वडील निवृत्त होईपर्यंत दरवर्षी ३० सप्टेंबरला आपल्या हातानं एक नवा शर्ट कुणातरी जवानाला द्यायचे. का देतात ते युनिटमध्ये कुणाला सांगितलं नाही. आम्हालाही शेवटी कळलं.

ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर: आमच्याकडं वर्षानुवर्षं रेडिओच लावला नाही. वडील घरात असले की आई बातम्यांच्या वेळेला काहीतरी काम सांगून त्यांना बाहेर पाठवायची.

तेरणामाय

सास्तूर९३, मी औशाची. आमच्याकडं भिंतींना तडे गेले होते फक्त. त्या रात्रीनंतर माझी आई आयुष्यभर अंगणात झोपली. तुमचं वाचून काही सुचेना.

गुरुजी_पालम

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मे महिन्यात सुट्ट्या असतात, पण जूनमध्ये मुलं आली ती विमानं आणि क्षेपणास्त्रं काढतच. माझ्या वर्गात एका जवानाची मुलगी आहे, चौथीत. तिला चित्र काढायला सांगितलं तर तिनं घर काढलं, दारात चपलांच्या जोड्या काढल्या. एक जोडी मोठी. विचारलं तर म्हणाली, "पप्पा आल्यावर ही इथं असते."

१५ ऑगस्टला आम्ही तिला स्टेजवर उभं करणार होतो, "वीर जवानाची कन्या" म्हणून. तिच्या आईनं हात जोडून नको म्हटलं. म्हणाल्या, "तिला सगळ्यांत राहू द्या, सर." मी तेव्हा मनातून नाराज झालो होतो. आज हा धागा वाचताना वाटतं, त्यांचंच खरं होतं.

अग्निवीराची_बहीण

माझा भाऊ अग्निवीर आहे, २०२३ च्या तुकडीचा. उमरग्याजवळचं गाव. मे महिन्यात आई एकच प्रश्न विचारत होती, चार वर्षं पुरी होतील ना? विमा ४८ लाखांचा आहे, पण नेहमीच्या जवानासारखी कुटुंब पेन्शन नाही. आईला आकडे कळत नाहीत, तिला एवढंच कळतं की पोरगं परत आलं तरी पुढं काय हा घोर आहे आणि नाही आलं तर... पुढचं लिहवत नाही.

आज्जीचा_नातू

लातूर जिल्ह्यातला आहे. १९७१ ची गोष्ट. माझे आजोबा त्या डिसेंबरातल्या लढाईत गेले. लढाई पंधरा दिवसांत संपली. आमच्याकडं तार पोचली तेव्हा गावात विजयाची मिरवणूक निघून गेली होती.

तेव्हा देह गावी आणत नसत. अंत्यसंस्कार तिकडंच व्हायचे. कारगिलपासून, १९९९ पासून, पेट्या गावोगाव येऊ लागल्या, तेव्हा माझी आज्जी टीव्हीपुढून उठायची नाही. लोकांना वाटायचं तिला त्रास होईल, बंद करा. ती बंद करू द्यायची नाही. म्हणायची, "ह्यांचं तोंड तरी दिसलं बायांना."

तिच्याकडं आली होती काळी ट्रंक. तिच्यात दोन गणवेश, एक स्वेटर, दाढीचं सामान, आणि तिनेच पाठवलेली पत्रं. स्वतःला लिहिता येत नव्हतं, मास्तरांकडून लिहून घेतलेली. त्यातलं एक तर फोडलेलंसुद्धा नव्हतं. ती म्हणायची, "मी बघितलं न्हाई, मग कसं मानू?" गावानं कुंकू पुसायला लावलं. दरवर्षी दसऱ्याला ती ट्रंक उघडायची, पुसायची आणि दार लावून आत कपाळाला कुंकू लावायची. बाहेर येताना पुसून यायची. हे मी लहानपणी फटीतून बघितलंय.

म्हणून मांजराकाठ ताई, मला तुमच्या सासऱ्यांचं पटतं. बघू द्या त्यांना. ज्याला काहीच बघायला मिळत नाही त्याचे हाल मी बघितलेत.

वीरपत्नी_पाटोदा

दुरून वाचत होते, पण आज्जीच्या कुंकवावर आल्यावर लिहिलंच पाहिजे.

माझे मालक २०१७ मध्ये गेले. पेटी आली, अख्खा तालुका आला. मला माहीत नसलेली माणसं माझ्या घरात रडत होती. मी कुठं बसायचं, कुणाशी बोलायचं, फोटोत कुठं उभं राहायचं, सगळं दुसरेच ठरवत होते. सलामी झाली, तिरंगा माझ्या हातात दिला. आणि त्यानंतर तासाभरात, त्याच अंगणात, म्हाताऱ्या बायांनी माझ्या बांगड्या फोडल्या. हातात घडी केलेला तिरंगा होता. तो खाली ठेवू का नको, मला कळेना. बांगडीच्या काचा त्याच्यावर पडल्या. त्या मी एकेक करून वेचल्या. बाकी त्या दिवसाचं मला फार आठवत नाही, ते वेचणं आठवतं.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. मग शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना परिपत्रक काढलं. मी ते छापून घेतलं आणि आमच्या ग्रामसभेत घेऊन गेले. पहिल्या वेळी कुणी बोललं नाही. दुसऱ्या वेळी माझ्या सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "हिच्या बांगड्या मीच फोडल्या होत्या. मी चुकले." ठराव झाला.

पैशांचंही बोलते, कारण ते कुणी बोलत नाही. मदत आली आणि घर फुटलं. माहेरचे म्हणाले पोरीचं आहे, सासरचे म्हणाले पोराचं आहे. दोन वर्षं दीर बोलत नव्हते. वाईट माणसं नाहीत ती. आयुष्यात कधी न बघितलेली रक्कम आणि ज्याच्यामुळं आली तोच नाही, मग माणसं भांडतात. शेवटी मी सासू-सासऱ्यांच्या नावानं वेगळी ठेव केली. आज दीरच माझ्या मुलीला कॉलेजला सोडतात.

गावातल्या रस्त्याला मालकांचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटी अजून लागली नाही. मी विचारणं सोडलंय.

बँकवाला_परभणी

वीरपत्नी ताईंनी विषय काढलाय तर कामाचं लिहितो. माझ्याकडं जवानांच्या घरच्यांची बरीच कागदपत्रं येतात. धागालेखिका ताई, हे आजच तपासा.

लग्न झालं, मूल झालं की जवानाच्या युनिटमधून पार्ट टू ऑर्डर निघावी लागते. ती निघाली तरच तुमचं आणि मुलांचं नाव सर्व्हिस रेकॉर्डला लागतं. पुष्कळ जण लग्नाची करतात आणि दुसऱ्या मुलाची राहून जाते. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन लग्नाआधी आईच्या नावानं केलेलं असतं, ते तसंच राहतं. आईला वाटा जरूर ठेवा, पण बसून, बोलून, कागदावर ठेवा.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, आणि युनिटच्या रेकॉर्डला हिंदीतून इंग्रजीत जाताना चौथं झालेलं. एक अक्षर चुकलं तरी पेन्शन महिनोन्महिने अडकते. संयुक्त खातं काढा. हे बोलणं अशुभ आहे असं सासूबाई म्हणतील. मी माझ्या काऊंटरवर बायांना रडताना बघितलंय, म्हणून सांगतो.

डोंगरवाट_अंबाजोगाई

विषय फार जड झालाय म्हणून एक हलकं लिहितो. माझा मावसभाऊ लडाखला असतो. महिन्याने फोन लागला तरी पहिला प्रश्न ठरलेला: "पाऊस झाला का?" दुसरा: "सोयाबीनला भाव काय?" तिसऱ्या नंबरला बायकोची चौकशी. वहिनी म्हणते, एकदा मीच सोयाबीन होऊन बघते.

तेरणामाय

आमच्याकडं अगदी हेच! आणि सचखंडचा लंगर विसरू नका. माझे दीर म्हणतात, सुट्टीवरून परत जाताना पोटात गोळा आलेला असतो, घरचा डबा उघडवत नाही. आणि स्टेशनवर कुणी अनोळखी सरदारजी "लो फौजी" म्हणून गरम दाल-चपाती हातात देतो. ती खाल्ली जाते. घरचा डबा मग दुसऱ्या दिवशी उघडतात, ठेचा आणि दशम्या.

हिंगोलीची_लेक

तेरणामाय, माझ्या भावाचा ठेचा पूर्ण बराक खाते. आता आई दोन किलो मिरच्यांचा करते.

मूळ प्रश्नावर परत येऊ का? आज्जीचा_नातू म्हणतात ते आज्जींपुरतं खरं आहे. पण तेव्हाच्या बातम्या आणि आताच्या यांत फरक आहे. २६ एप्रिलला सरकारनंच माध्यमांना सूचना काढली होती की सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका, आणि त्यात कारगिल, कंदाहारचं विमान अपहरण, २६/११ यांची आठवण करून दिली होती. म्हणजे त्या दाखवण्यानं आपल्याच माणसाचा जीव धोक्यात येतो. तो टीव्ही मी तरी माझ्या भावासाठी बंद ठेवीन.

एका_जवानाचा_बाप

मी ६८ वर्षांचा. नातू टाइप करतोय. सोनपेठ तालुका.

सुनबाई, तुमच्या सासऱ्यांच्या जागी मी होतो, म्हणून सांगतो. आम्ही बातम्या बघत नव्हतो. आम्हाला काय कळतंय त्यातलं. पण पोरगं तिकडं जागं हाय आणि आपण इकडं झोपायचं, हे मनाला पटत न्हाई. टीव्हीपुढं बसलं की वाटतं आपणही ड्यूटीवर हाव. बाईमाणूस स्वयंपाकात, लेकरांत हात गुंतवतं. आम्ही पंचाहत्तर सालापासून नांगर धरला, आता तोही सुटला. मग बसायचं कुठं?

माझ्या सुनेनं रिमोट लपवला न्हाई. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि आवाज बंद केला. नुसतं चित्र. तीन रात्री आम्ही दोघं तसंच बसलो. बोललो काहीच न्हाई.

वीरपत्नी_पाटोदा

काका, तुमच्या सुनेला माझा नमस्कार.

मांजराकाठ (धागालेखिका)

सगळ्यांचं दोनदा वाचलं. एकेकाला उत्तर द्यायला जमणार नाही, पण काकांचं लिहिलेलं मी सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

एक मी पहिल्यांदा लिहिलं नव्हतं. सप्टेंबरात आपल्याकडं पाऊस कोसळला, मांजरेला पूर आला, तेव्हा आमच्या गावाचा रस्ता तुटला, वीज गेली, टॉवर बंद. तीन दिवस आमचा फोन लागत नव्हता. सोयाबीन पाण्यात गेलं, एक वासरू गेलं, आम्ही शाळेत राहिलो. नंतर यांनी सांगितलं की ते तीन दिवस पोस्टवरून उतरले की कँटीनच्या टीव्हीपुढं उभे राहायचे. बीड, धाराशिव, परंडा, हेलिकॉप्टर, लष्कराच्या होड्या. कुठं आपलं घर दिसतंय का, कुठं आई दिसतेय का. मी म्हणाले, मग बंद का नाही केला? म्हणाले, "बंद कसा करू?"

तेव्हा मी सेल पिठाच्या डब्यातून काढले होते का, असं काल सासूबाईंनी विचारलं. काढले होते. बिघडलेत. नवीन आणलेत.

आणि बँकवाला दादा, तुमचं ऐकून यांना फोनवर विचारलं. मुलीची पार्ट टू ऑर्डर झालेलीच नाही. ती साडेचार वर्षांची आहे. माझं नावही रेकॉर्डला चुकलंय, एक वेलांटी जास्त आहे. यांनी आज अर्ज दिला. त्यासाठी माझ्या शाळेच्या दाखल्याची साक्षांकित प्रत लागते म्हणाले, म्हणून उद्या माहेरी धारूरला जाते. सासरे म्हणालेत, मी येतो सोबत.

बँकवाला_परभणी

लग्नाच्या नोंदणीचा दाखलाही बरोबर घ्या. ग्रामपंचायतीचा असेल तर शिक्का नीट उमटलाय का बघा, पुसट असला की परत पाठवतात.

मांजराकाठ (धागालेखिका)

बघितला. पुसट आहे. परवा नवीन काढते.